तळाचं पाणी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही मला समुद्राच्या तळाशी वाहणाऱ्या थंड पाण्याबद्दल सांगत होतात आणि मी विषय बदलला. आजीला कळले नाही, असे तुम्हाला वाटले असेल. कळले होते. पवनीच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हाचे आमचे शेजारी, काका, आठवले होते. त्यांना ओळखणारे आता फारसे कोणी उरले नाही, म्हणून लिहून ठेवते.

"तळाचं पानी हलत नाई, बाई," ते म्हणायचे आणि पालथा तळहात हवेत दाबायचे. गावच्या तलावात बुड्या मारून मोठा झालेला हा धान पिकवणारा माणूस. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

त्यांचा एकुलता मुलगा चिखल्याच्या खाणीत फिटर होता. तिथून मालवाहू बोटीवर गेला. आफ्रिकेच्या दक्षिणेला ती बोट बुडाली. कोणीच हाती लागले नाही.

प्रेत नसले की आपल्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ते त्यांनी होऊ दिले नाही. "पोरगा तिथीच निजून आहे. तलावातला गोटा जागा सोडते का? एक दिवस जाईन, जागा पाहीन. मंग करू."

सून विशीतली. अग्नी दिल्याशिवाय ती विधवा ठरत नव्हती आणि त्याशिवाय तिचा दुसरा पाट लागत नव्हता. धान निघाले की दरवर्षी तिचा भाऊ अड्याळहून यायचा. बहिणीच्या सासऱ्यांना तोही मामाजी म्हणायचा.

"मामाजी, बहिणीचं काय करता?"

"तिले कोनी हाकललं का?"

"हाकललं असतं तं बरं झालं असतं," एका वर्षी तो म्हणाला आणि चहा न पिता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "तुमच्या इंग्रजी पुस्तकात तिथला तळ असन न, बाई? वाचून सांगा."

शाळेच्या कपाटातले जाड पुस्तक काढून मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. दक्षिणेला समुद्र गोठतो तेव्हा मीठ मागे राहते. उरलेले पाणी थंड, खारट आणि जड होते, खाली बसते आणि तळातळाने एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात सरकत जाते.

"तळाचं पानी चालते?"

"हळूहळू. पण चालते."

"म्हंजे त्याची जागाच नाई." त्यांनी पालथा तळहात हवेत हळूच पुढे सरकवला. "वर कधी येते थे?"

"शेकडो वर्षांनी, काका."

"तवापर्यंत पोरीले बसवून ठेवलं असतं मी."

वैनगंगेच्या काठी पुतळा बांधला जात असताना त्यांनी भटजींना थांबवले. "एवढा बुटका नोता तो," म्हणाले आणि आणखी पाने आणवली. अग्नी त्यांनीच दिला. सुनेच्या बांगड्या फुटताना मात्र ते नदीकडे तोंड करून उभे होते.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा पाट लागला. बापाच्या जागी तेच बसले. मग त्यांचे बोलणेच आटले. ओट्यावर येऊन बसायचे आणि उठून जायचे. एका सकाळी धानाच्या बांधीत, चिखलात पालथे पडलेले सापडले. त्यांना अग्नी सुनेच्या नव्या नवऱ्याने दिला.

त्यांचे घर पडले, शेत दुसऱ्यांचे झाले. सून अड्याळला आहे. तिला मुले आहेत, नातवंडे आहेत.