अक्षांश-रेखांशात पुरलेलं वाळकाचं बी

आमच्या घरातलं वाळकाचं, म्हणजे गावरान काकडीचं, सगळं बी मी शेतात पुरलं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवले. म्हणून ते हरवलं.

हे नीट सांगायला हवं. मी संभाजीनगरला कॉलेजात आले (आमच्या घरातून पहिलीच!) आणि मुकुंदवाडीत खोली घेतली. वर्गातला समीर एक खेळ खेळायचा. कुणीतरी कुठंतरी डबा लपवतो, जागेचे आकडे ॲपवर टाकतो आणि अनोळखी माणसं फोन धरून तो शोधत येतात. डब्यातल्या वहीत सही करतात आणि खूश होऊन घरी जातात. बक्षीस नाही, काही नाही! माझ्या अंगावर मात्र ऐकूनच काटा आला. वीस हजार किलोमीटर वरून उपग्रह संदेश पाठवतात, आणि त्यावरून माझा काच तडकलेला फोन सांगतो की मी इथं, या दगडापाशी उभी आहे! अक्षांश-रेखांश परीक्षेच्या बाहेरही लागतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"कन्नड साइडला एक भी डब्बा नाय," समीर म्हणाला. "तू रख ना तेरे गाँव में."

कन्नड तालुक्यातलं आमचं गाव जगाच्या नकाशावर! मी लगेच गावी गेले. चुलीमागं पत्र्याचा एक डबा दिसला, आत राख. भांडी घासायची असणार. ॲपवर लिहिलं होतं, डब्यात ओल जाऊ देऊ नका. मग राखेपेक्षा चांगलं काय? ती तशीच ठेवली आणि वर पिशवीत गुंडाळून वही घातली. (डबा पुरायचा नाही, नुसता आडोशाला ठेवायचा, असा नियम आहे. जागेच्या मालकाची परवानगीही घ्यायची असते. मालक म्हणजे माझे वडील, अण्णा, आणि ते जेवत होते.) मे महिन्याच्या उन्हात डबा पुरला. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि सावलीत बसून आकडे जतन केले. थोडं इकडंतिकडं झालं तर उपग्रहाला काय फरक पडतो?

महिन्यानं पुन्हा घरी आले, तर सकाळी सकाळी आईचा आवाज.

"चुलीमागचा डबा कुणी हालवला?"

"राखेचा? तो मी शेतात पुरलाय."

आई चुलीपुढून ताडकन उठली. "अगं, राखंत वाळकाचं बी हाय! कीड लागू नाय म्हणून राखंत ठिवलं. माझ्या माहेरचं बी हाय ते, बावीस वर्सं जपलंय. बाजारात तसलं वाळूक मिळत बी नाय!"

"आन् घंट्याभरात रान भुसभुशीत कराया रोटाव्हेटरचा ट्रॅक्टर येतोय," अण्णा शांतपणे म्हणाले. "डबा पात्यात गावला की भुगा."

"काळजी करू नका, माझ्याकडं आकडे आहेत!" मी म्हणाले. (इतक्या आत्मविश्वासानं मी तोंडी परीक्षेतही कधी बोलले नाही.)

फोनमधल्या बाणामागं आम्ही तिघं निघालो, बांध ओलांडला आणि शेजारच्या भाऊकाकांच्या गोठ्यापुढं पोहोचलो. बाणाच्या टोकाला म्हैस बसली होती.

"माझ्या म्हशीखाली काय पुरलंस गं?" काका म्हणाले.

मी समीरला फोन लावला. तो म्हणाला, झाडाखाली असशील तर उघड्या आभाळाखाली ये. बॅटरी वाचवायची सोय बंद कर. कव्हरला चुंबक आहे, ते काढ. मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरव. मी फिरवू लागले.

"म्हशीला ओवाळायलीस व्हय?" अण्णांनी विचारलं.

मग पाच मिनिटं हलायचं नव्हतं. तेवढ्यात बांधावर ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवू लागला. आणि खरंच सांगते, फोनमधलं निळं वर्तुळ, जे आधी अख्ख्या गोठ्याएवढं होतं, ते लहान होत होत फक्त म्हशीएवढं झालं. अचूकता तीन मीटर! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं.

काकांनी म्हैस उठवली. खाली सिमेंटचा कोबा होता. तीन वर्षांपूर्वीचा.

"सेव्ह किया तब कहाँ खडी थी?" समीरनं विचारलं.

"पत्र्याखाली."

त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून आला. मग म्हणाला, "तब का आकडाच गलत है. अब फोन कितना भी सुधार, वो तेरेकू बराबर गलत जगह पे लेके जायेगा."

मी बांधावर बसले. बावीस वर्षांचं बी, आणि माझ्या हातात एक म्हैस! तेव्हा आईनं माझ्याजवळ बसून विचारलं, "खड्डा कशानं खणलास?"

"खुरप्यानं."

"किती येळ लागला?"

"दोन मिनिटं."

अण्णा हसले. "मे महिन्यात? आपल्या रानात पहार वाकती!"

आई हसली नाही. "म्हंजी वल्यात खणलंय. तवा हिरीच्या पाइपाचा तिसरा जोड गळत व्हता, तिथंच."

पाइप तर अण्णांनी आठवड्यापूर्वीच उचलले होते. रान इथून तिथून कोरडं, सारखं. आई विहिरीपासून निघाली. खाली बघेना, पावलं मोजेना. ट्रॅक्टरवाल्यानंही हॉर्न बंद केला. एका जागी ती थांबली, खाली बसली आणि खुरपं मारलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ठण्ण!

मी आ वासून उभी. जागा ठरवायला उपग्रहांना निदान अणुघड्याळं लागतात. हिला काहीच लागलं नाही! आईनं राखेत बोटं घालून बी तळहातावर घेतलं, फुंकर मारली. एकही दाणा किडलेला नव्हता. "चला," ती ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, जणू तोच उशीर करत होता.

त्या वर्षी वाळकं भरपूर लागली. आईनं नवं बी धरलं, राखेत घातलं आणि डबा घरातच दुसऱ्या जागी ठेवला.

"कुठं ठेवलास?" मी विचारलं.

"तू कालेजला जा."

तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत मी तो शोधते आहे. आमचं घर दोन खोल्यांचं आहे.