पिरंगुटच्या पुढचं कोल्हापूर

माझ्या बहिणीचं लग्न कोल्हापुरात ठरलं, तेव्हा मी पॅरिसमध्ये होतो.

हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी ते बऱ्याच लोकांना ऐकवलं आहे. कुणी खुलासा मागितला नाही तर देत नाही. इथे देतो. ही दोन्ही शहरं मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढे, एकाच कुंपणात होती. दोघांच्या मधे एक बोगनवेल आणि एक कुल्फीचा गाडा, एवढंच काय ते अंतर.

मुळशीत तेव्हा रोज कुणीतरी काहीतरी नवीन काढत होतं. तसाच एकाने माळावर 'जगाची सफर' नावाचा पार्क काढला होता. एका तिकिटात पॅरिस, व्हेनिस, जयपूर आणि कोल्हापूर. (या चौघांना एका पंगतीत कुणी बसवलं, असा प्रश्न पुणेकर विचारतील. आम्हाला पडला नाही. "पॅरिसचा नंबर कसा काय लागला?" एवढंच आबा म्हणाले.)

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर त्यांनी कोल्हापूरचं राहतं घर विकलं, माझ्या बावधनच्या फ्लॅटला हातभार लावला आणि ते माझ्याकडे राहायला आले. आले म्हणजे शरीराने. बाकीचे आबा तिकडेच राहिले होते. दिवसभर बाल्कनीत उभे राहून ते हायवेवरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचायचे. एमएच ०९ दिसली, की "आपली गाडी गेली," असं घरात येऊन सांगायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं. त्यामुळे माझी धाकटी बहीण वैशाली हिंजवडीला नोकरीला लागली आणि तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली, तेव्हा आबांनी जी एकच अट घातली ती मला मान्य होती.

"पोरगी द्यायची तर कोल्हापुरात. म्हातारपणी गावाकडं जायला मला एक दार पायजे."

वैशालीने महिन्याभरात दार आणलं. त्याचं नाव अभिजित. तिच्याच ऑफिसात होता आणि "कोल्हापूरचाच आहे दादा, मी सांगतो ना," असं ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली बोलताना 'मी येतो', 'मी सांगतो' असंच म्हणतात. हिंजवडीत राहूनही तिचं ते सुटलं नव्हतं. याला म्हणतात कोल्हापूरकर!)

अभिजित पहिल्यांदा घरी आला तो मोटारसायकलवरून. आबा बाल्कनीत होतेच. ते आत आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "एमएच १०."

एमएच १० म्हणजे सांगली.

आता सांगलीची माणसं वाईट असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही. मला सांगलीचे दोन मित्र आहेत. पण कोल्हापूरच्या माणसाला मुलगी सांगलीला देणं म्हणजे अगदी फाटकापर्यंत येऊन शेजारच्या घरात शिरण्यासारखं वाटतं.

"गाडी सांगलीची दिसते," मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो, बाबा बँकेत आहेत. सध्या सांगलीला बदली आहे, तिथंच घेतली. आमचं घर कोल्हापुरात आहे, मंगळवार पेठेत."

मला तिथेच संशय आला. इतकं तयार उत्तर खऱ्या माणसाकडे नसतं. पुढे जेवायला बसल्यावर त्याने मटणाच्या रश्श्याबरोबर दही मागितलं. बोलणं इतकं हळू की शेजारच्या फ्लॅटमध्ये एक शब्द ऐकू गेला नसेल. तासाभरात एकदाही 'भावा' म्हणाला नाही. आणि आबांची अट वैशालीने त्याला सांगितलेली असणारच. म्हणजे खोटं बोलायला कारणही होतं. आबांनी एक घर माझ्यापायी घालवलं होतं. दुसऱ्या घराच्या बाबतीत त्यांना फसू द्यायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं.

दुसरा कुणी असता तर मंगळवार पेठेत जाऊन चौकशी करून आला असता. पण मला डोकं आहे, आणि माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी त्यानेच आणलेल्या आहेत. मला 'जगाची सफर' आठवली. खोट्या कोल्हापुरात खरा कोल्हापूरकर गप्प बसूच शकत नाही. त्याची तळपायाची आग मस्तकाला गेलीच पाहिजे. गप्प बसला, तर सांगली.

एका रविवारी, माझी बायको माहेरी साताऱ्याला गेलेली असताना, आम्ही चौघं निघालो. मी मुद्दाम माझ्या करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला घातल्या होत्या. (लक्ष्मी रोडवरून घेतलेल्या आहेत, पण वाजतात.)

कोल्हापूरच्या कमानीखाली फेटा बांधलेला वॉचमन उभा होता. त्याने मिशीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "राम राम साहब, कोल्हापूर में आपका स्वागत है. बाहर का खाना अलाऊड नहीं."

मी अभिजितकडे बघितलं. तो म्हणाला, "छान स्वागत करतात."

मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, सांगली."

"हं," आबा म्हणाले.

मी कमानीवर बोटाने टकटक केली. आतून पोकळ. तालमीच्या भिंतीवर केली, तीही पोकळ. आखाड्यातला पैलवान माझ्यापेक्षा बारीक होता आणि लाल माती अंगाला लागू नये म्हणून कडेने चालत होता. अभिजितने त्याच्याबरोबर फोटो काढला. बोलता बोलता मी अभिजितच्याही पाठीवर थाप मारून बघितली. आवाजावरून काही कळलं नाही.

मग मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या जाड स्लाईस येतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. इथे पाव आला. आणि रस्सा गोड. अक्षरशः गोड! मी काउंटरवर गेलो आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

"साहेब, सगळ्यांना चालायला पाहिजे ना," काउंटरवरचा म्हणाला. "तिखटाची तक्रार पॅरिसपर्यंत जाते."

मी भांडून परत आलो तर अभिजितची ताटली स्वच्छ. वर म्हणतो कसा, "वेगळीच चव आहे."

"आबा," मी म्हणालो.

"ऐकलं," आबा म्हणाले.

"दादा, तू काय लावलायस सकाळपासून?" वैशाली दातांवर दात धरून म्हणाली. "तू साताऱ्याची बायको केलीस तेव्हा आबांनी एवढी तपासणी केली होती का?"

"सातारा वेगळं."

आता राहिला होता दूध कट्टा. कोल्हापुरात गंगावेशीला म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि माणसं तिथल्या तिथे फेसाळ दूध उभ्याने पितात. कोल्हापूरकराची याहून मोठी परीक्षा नाही. त्या पार्कातही एक कट्टा केला होता. एक खरीखुरी म्हैस बांधलेली आणि तिच्याजवळ दुधाची किटली घेऊन जवळच्या चांदे गावच्या एक मावशी बसलेल्या. दुपारचे बारा वाजले होते आणि मे महिन्याचं ऊन होतं. म्हशीने आमच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"घ्या दादा," मावशी म्हणाल्या. "हिचंच दूद हाय. लई ग्वाड."

मी चार ग्लास सांगितले. मावशींनी किटली हातभर उंच धरून असं काही ओतलं की ग्लासभर फेस आला. वैशालीने नाक मुरडलं. आबा म्हणाले, "माझं पोट आज बरं न्हाई." मी अभिजितपुढे ग्लास धरला.

तो ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हशीकडे बघितलं, मग वैशालीकडे. आणि अगदी हळू म्हणाला, "मला नको, दादा."

झालं. निकाल लागला. कोल्हापूरचा माणूस धारोष्ण दुधाला नको म्हणतो? मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून माझा ग्लास एका दमात संपवला. मग त्याचाही संपवला. मिशीला लागलेला फेस पुसला नाही, तसाच ठेवला.

"आपल्याकडं," मी मावशींना, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "हे असं पितात."

मावशी माझ्याकडे जरा काळजीने बघत होत्या. ती काळजी मला तेव्हा कौतुक वाटली.

अर्धा तास गेला असेल. आम्ही सिमेंटच्या रंकाळ्याच्या काठी बसलो होतो. मी अभिजितला शेवटचं, वकिली पद्धतीचं काहीतरी विचारणार होतो, तेवढ्यात माझ्या पोटात कुणीतरी कुस्तीला उभं राहिलं. वाक्य अर्धवट टाकून मी उठलो आणि फेटेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कोल्हापूर में सुविधा नहीं है साहब. पॅरिस जाना पडेगा."

मी पॅरिसला गेलो. बोगनवेल ओलांडली, कुल्फीचा गाडा ओलांडला. लोखंडी मनोऱ्याच्या मागे ती 'सुविधा' होती. माझ्या करकर वाजणाऱ्या चपलांमुळे वाटेतल्या प्रत्येकाला मी किती घाईत आहे ते कळत होतं.

पॅरिसमध्ये मी किती वेळ होतो ते सांगत नाही. दोनदा बाहेर आलो आणि दोनदा परत गेलो. बाहेर झाडूवाला दार वाजवत होता.

"आवो पाव्हणं, भायेर लाइन लागलीया. हाये का न्हाई कोन आत?"

"आहे," मी म्हणालो. आवाज कोल्हापूरचा राहिला नव्हता.

वर एक झरोका होता. कमोडच्या कडेवर पाय देऊन बघितलं तर त्यातून रंकाळा दिसत होता. आणि तिथे चक्क भांडण पेटलं होतं. आबा उभे राहून हातवारे करत होते. इतका वेळ गोगलगाय झालेला तो अभिजित मिसळीच्या काउंटरकडे बोट दाखवून ओरडत होता. वैशालीने कपाळाला हात लावला होता. बावधनला आल्यापासूनच्या दोन वर्षांत आबांचा एवढा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. मला पोटातल्या कळेतही समाधान वाटलं. सांगली पकडली गेली होती. मी तिथे नसतानाही माझी परीक्षा काम करत होती.

पाय ओढत परत गेलो. आबा काठावर बसले होते आणि डोळे पुसत होते.

"आबा, राहू द्या," मी म्हणालो. "दुसरा बघू."

"दुसरा कशाला? ठरलं की," आबा म्हणाले. ते हसून हसून डोळे पुसत होते.

झालं होतं ते असं. मी गेल्यावर आबा सहज म्हणाले, "रंकाळा बरा केलाय, न्हाई?" आणि सकाळपासून तुंबलेला अभिजित फुटला.

"काय बरा केलाय काका? रंकाळ्यावर बसायला कधी तिकीट लागतंय व्हय? आणि मिसळीत साखर? पाव? हे कोल्हापूर म्हणून दाखवायलेत लोकांना! त्या मिसळवाल्याला गावात आणून उभा केला पायजे!"

मग आबाही सुटले. दोघांनी मिळून त्या कोल्हापूरची कमानीपासून पैलवानापर्यंत एकेक वीट काढली. दोन वर्षं आबांना असं भांडायला आपलं माणूस मिळालं नव्हतं. मी होतो घरात, पण मी सोसायटीच्या पार्किंगवरून भांडत होतो.

"मग सकाळपासून गप्प का होतास?" मी अभिजितला विचारलं.

त्याने वैशालीकडे बघितलं.

"मीच सांगितलो होतो," वैशाली म्हणाली. "दादा काहीही म्हणाला तरी उलट बोलू नको, त्याला आवडत नाही."

"आणि दूध?"

अभिजित खाली बघून म्हणाला, "दादा, कट्टा पहाटे नाहीतर संध्याकाळी असतो. बारा वाजता कोणती म्हैस धार देते? शेजारी रेडकूसुद्धा नव्हतं. ते सकाळचं दूध होतं, उन्हात ठेवलेलं."

मी तसाच मावशींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सकाळचंच हाय. म्हस नुस्ती फोटूला असती. तुमी इचारलं कुटं?"

मी आबांकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं?"

"मग मला अडवलं का नाही?"

"तू परीक्षा घेत होतास की रं," आबा म्हणाले. "परीक्षा घेणाऱ्याला कोण अडवणार?"

लग्न कोल्हापुरात झालं, खऱ्या. मंगळवार पेठेतलं घरही निघालं. अभिजितची आई मूळची सांगलीची आहे हेही निघालं, पण आबा म्हणाले, "एवढं चालतंय." बँकेची बदली संपून व्याही परत आले आणि आबा आता वर्षातले सहा महिने त्याच पेठेत खोली घेऊन राहतात. बावधनच्या बाल्कनीत नंबरप्लेटी वाचायला आता कुणी नसतं. मला चुकल्यासारखं होतं, पण बरंही वाटतं.

पहिल्या दिवाळीला अभिजित मला संध्याकाळी गंगावेशीला घेऊन गेला. आबा बरोबर होते. खऱ्या म्हशी, खरी धार, शेजारी रेडकू. गवळ्याने ग्लास भरून माझ्यापुढे धरला. मी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि शक्य तेवढ्या हळू विचारलं, "जरा गरम करून मिळेल का?"

गवळ्याने माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे बघितलं आणि आबांना विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

आबांनी मिशीचा फेस पुसला आणि म्हणाले, "पॅरिसचं."

"तरीच," गवळी म्हणाला.