मालूच्या घड्याळाचा पट्टा

दाजींची मुलगी मालू तोंडाने फटकळ होती आणि तिला त्याची लाज नव्हती. उरणला दिलं होतं तिला. नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरी बाई घरात आणून बसवली, तेव्हा मालूने त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि पिशवी घेऊन पनवेलजवळच्या आपल्या गावी परत आली. तेव्हापासून ती बापाच्याच घरी होती.

दाजींनी उमेदीत मिठागरात मीठ ओढलं होतं. पुढे जमिनीला भाव आला, पोरं बिल्डर झाली आणि दाजींनी स्वतःच्या हौसेची म्हणून एकच वस्तू घेतली. ते परदेशी बनावटीचं सोन्याचं घड्याळ होतं, पट्ट्यासकट सोन्याचं. ते घालूनच म्हातारा कोंबड्यांना दाणे टाकायचा. थोरला हरेश तेव्हा गमतीत म्हणाला होता, "दाजी, मी पण घेतो असंच." आणि त्याने खरंच कुठून तरी त्याच नमुन्याचं, जुनं, वापरलेलं घड्याळ मिळवलं होतं.

मग दाजींना अर्धांगवायू झाला. हरेश नव्या बंगल्यात गेला, धाकटा निकेश कळंबोलीला फ्लॅटमध्ये, आणि म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं मालूकडे राहिलं. हरेश सणावाराला येऊन दारातूनच विचारायचा, "बरा हाय ना?" मालू म्हणायची, "आत येऊन बघ. वास चावत नाय."

जाण्यापूर्वी दाजींनी दोन्ही मुलांसमोर, अडखळत का होईना, सांगितलं होतं की घड्याळ मालूला द्यायचं. त्यांना दवाखान्यात हलवलं तेव्हा हरेशने घड्याळ स्वतःकडे ठेवून घेतलं आणि तेराव्याला सगळ्या भावकीसमोर मालूच्या हातात दिलं. "आमी बापाचा शब्द मोडत नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. तबकडीच्या काचेवर दाजींच्याच हातून पडलेला ओरखडा होता. मालूने तो बोटाने चाचपला आणि तिचे डोळे भरून आले. भावाबद्दल तेवढ्यापुरतं तिला बरंही वाटलं.

ते बरं वाटणं पावसाळ्यापर्यंत टिकलं. एके सकाळी पाट्यावर मसाला वाटताना वरवंटा निसटून तिच्या मनगटावर आदळला. हाताला फारसं लागलं नाही, पण पट्ट्याची एक कडी पत्र्याच्या डब्यासारखी आत चेपली.

मालू ते घेऊन नवीन पनवेलला गुरुदत्त यांच्या दुकानात गेली. घड्याळांचं दुकान वडिलांपासून चालत आलेलं. त्यांनी भिंग लावून कडी पाहिली.

"ताई, हे नीट होणं कठीण आहे. कड्या पोकळ आहेत."

"म्हणजे सोनं खोटं?"

"नाही नाही, सोनं खरंच आहे. फक्त आतून रिकामं, वरून पातळ. पूर्वी बऱ्याच पट्ट्यांत असं असायचं. वजन कमी, म्हणून किंमत कमी. पण असा मार बसला की खड्डा पडतो, आणि तो आतून ठोकून वर काढता येत नाही. भरीव कडी असती तर नुसता चरा उठला असता."

मालू दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि तिथेच तिला आठवलं. आजारपणात दाजींचं मनगट वाळलं, घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं, तेव्हा तिने याच दुकानातून दोन कड्या काढून घेतल्या होत्या. त्या घरी देव्हाऱ्याखालच्या डब्यात पडून होत्या. ती रिक्षाने गेली, त्याच रिक्षाने परत आली आणि कड्या काचेवर टाकल्या. त्यांचा ठक्क असा आवाज झाला.

गुरुदत्तांनी एक कडी तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात तो पट्टा घेतला. "ही भरीव आहे," ते हळू म्हणाले. "नमुना तोच, पण पट्टा दुसरा. तुमच्या घड्याळाचा पट्टा कोणी काढला होता का?"

मालूने कड्या उचलून मुठीत घेतल्या. उत्तर तिला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात हरेशच्या मुलीचा, समीक्षाचा साखरपुडा होता, भर दुपारी, कळंबोलीच्या हॉलमध्ये. मालू नवी साडी नेसून गेली. हरेश पाहुण्यांना हात जोडत फिरत होता. त्याच्या जाड मनगटावरचं घड्याळ तिने जवळून पाहिलं. पट्ट्याच्या खटक्याजवळच्या दोन कड्या बाकीच्यांपेक्षा तांबूस होत्या. पट्टा आखूड पडला म्हणून त्याने सोनाराकडून नव्या करून घातल्या असणार.

"दादा, जरा खोलीत ये."

दार लावल्यावर तिने मूठ उघडून दोन कड्या दाखवल्या. हरेशने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो हसला.

"बरं मग? बदलला पट्टा. तबकडी तर बापाचीच दिली ना तुला? दिवसभर भांडी घासतेस तू. तुझ्या हातात भरीव सोनं काय करायचंय?"

हे ऐकून मालूच्या अंगाचा तिळपापड झाला. शरमेने तो खाली बघेल, निदान खोटं तरी बोलेल, असं तिला वाटलं होतं.

"याच हातांनी तुझ्या बापाचं ढुंगण धुतलंय, हरेश." दादा म्हणणं तिथेच सुटलं. "काढ. नायतर बाहेर तुझे व्याही बसलेत. विहीण अरुंधतीबाई पहिल्या खुर्चीत हायत. त्यांनाच विचारते, पोरीच्या बापाने मेलेल्या माणसाचा शब्द कसा पाळला ते."

"समीक्षाचं लग्न मोडशील?"

"मी नाय. तू मोडशील."

एवढ्यात हरेशची बायको भावना आत आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने ओळखलं. "द्या ते आणि घालवा हिला," ती दात ओठ खात म्हणाली. हरेशने घड्याळ काढून गादीवर फेकलं. मालूने ते उचललं आणि हातातलं काढून त्याच्या पायाशी टाकलं. "पट्टे बदलून माझं मला पाठव. तोवर हे माझ्याकडे."

"आजपासून मला बहीण नाय," हरेश म्हणाला.

"मला भाऊ होता कधी?"

ती मागच्या दाराने नाही, हॉलच्या मधून, जेवणाच्या रांगांमधून बाहेर पडली. समीक्षाने मंचावरून "आत्या" म्हणून हाक मारली. मालू थांबली नाही. त्या पोरीचं ती देणं लागत होती असं तिला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं, पण तिने कोणाला तसं सांगितलं नाही.

अदलाबदल गुरुदत्तांच्या दुकानातून झाली. लग्नाचं आमंत्रण मालूला आलं नाही. वाटेत भावना दिसली की दोघी एकमेकींकडे बघून थुंकायच्या.

दाजींचं वर्षश्राद्ध गावात दोनदा झालं. हरेशने बंगल्यासमोर मांडव घातला आणि मालूकडे जेवेल त्याने आपल्या दारात येऊ नये, असा निरोप फिरवला. मालूने त्याच दिवशी अंगणात पानं मांडली. थोडेच लोक आले.

निकेश आला तो परसातून, चपला हातात घेऊन. पट्ट्याचं त्याला आधीपासून ठाऊक होतं, हे मालूला एव्हाना कळलं होतं.

"ताई, दादाला सांगू नको. दाजींसाठी आलो."

"पुढच्या दाराने ये. तुझं पान मांडलंय."

"पुढून लोक बघतात गं."

"मग जेवू नको."

निकेश विहिरीपाशी थोडा वेळ घुटमळला. मग चपला घालून आला तसाच परसातून निघून गेला. मालूने त्याचं वाढलेलं पान उचललं आणि नुकत्याच आलेल्या शेजारच्या गंगाबाईसमोर ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "भात गरम हाय."