तिगाव सोडलं

ज्या सकाळी मी घर सोडलं त्या सकाळी पांढुर्ण्याच्या फलाटावर माझ्याभोवती अकरा माणसं होती अन् सगळी एकाच वेळी बोलून राहिली होती. आमचे हे तेवढे गप्प. ते फलाटाच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिले, तिथं कोणाला तरी विचारलं, अन् परत येऊन एवढंच म्हणाले, "तिगाव सोडलं. ऊठ."

बाहेरच्यांसाठी सांगते. तिगाव हे आमच्या अलीकडचं टेसन. इटारसीकडून येणाऱ्या गाडीनं तिगाव सोडलं की ती पांढुर्ण्याला आलीच समजायची. मग सामान उचलायचं, लेकरू कडेवर घ्यायचं, डोळे पुसायचे असतील तर पुसून घ्यायचे. आमच्या घरात तर हे वाक्य कुठंही चालते. कुकरची तिसरी शिट्टी झाली, तिगाव सोडलं. वरात चौकात आली, तिगाव सोडलं. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ऐकते आहे.

गाडी यायच्या आत मोठ्या जाऊबाईंनी माझ्या मुठीत एक पितळी डबी कोंबली. त्यांचं माहेर रामाकोना, आदल्या दिवशी खास जामसांवलीच्या देवळात जाऊन मारुतीचा शेंदूर घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "काही दुखलंखुपलं त लावजो वं. लाजू नको. थो निजलेला मारुती हाय, पण त्याले सारं दिसते."

मी सहा महिन्यांसाठी निघाले होते. माझी लेक वैशाली चीनमध्ये नानजिंगला राहते. गाड्यांचे सुटे भाग बनतात त्या कारखान्यात माल तपासायचं तिचं काम. जावई पण तिकडेच. तिचं बाळंतपण करायचं, नातीला पायांवर घेऊन तेल लावायचं अन् संत्रा तोडायला घरी परत, असा माझा हिशेब. त्याला आता तीन वर्षं झाली.

झालं असं, की नात पहिला दात काढत होती तेव्हा आंघोळ करताना माझ्या डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली. पंधरा दिवस मी कोणाला सांगितलंच नाही. आपण बाया अशाच असतो. पाय मुरगळला तर गावभर सांगू, अन् हे पदराखाली ठेवू. शेवटी वैशूनं माझा चेहरा पाहून काढून घेतलं. शांघायच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले अन् आले. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी जांच. त्या जांचेपायी मी इकडे अडकले. दरम्यान एकदाच, वीस दिवसांसाठी, गावी जाऊन आले, अन् तेही पाहुण्यासारखी.

यावेळी डॉक्टरीणबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, की ही जांच साफ आली तर पुढं वर्षातून एकदाच, अन् ती नागपूरला करून घेतली तरी चालेल. म्हणजे मी घरी जाऊ शकते, राहायला. साफ नाही आली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, अन् मग किती वर्षं ते तिनं सांगितलं नाही अन् मीही विचारलं नाही.

गावी आमचा संत्र्याचा बगीचा ताणावर होता. संत्र्याला बहार आणायची तर थंडीत झाडाचं पाणी तोडावं लागते. झाड तहानते, पानं गाळते, पाहणाऱ्याला वाटते मेलंच. अन् नेमक्या वेळी पाणी सोडलं की तेच झाड अंगभर फुलते. यांनी फोनवर झाडं दाखवली. "पानं गळून राहिली. आता पाणी सोडाची वेळ झाली," म्हणाले.

"मंग सोडा नं."

"तुयी जांच होऊ दे पयले. चार दिवसानं काही बिघडत नाई."

चाळीस वर्षांत या माणसानं बगीच्याचं काम माझ्यासाठी कधी चार तासही थांबवलं नव्हतं. 

जांचेच्या आदल्या दिवशी वैशूनं मोबाइलवर आलेली सूचना मला वाचून दाखवली. "आई, उद्या अंगाला पावडर नाही लावायची. क्रीम नाही. सेंट नाही. समजलं?"

"समजलं बाई. मी कवा सेंट लावते?"

सकाळी आंघोळ झाली, दार लावून घेतलं, अन् रोजच्यासारखी डबी उघडली. ऑपरेशनच्या टाक्यांची जी रेघ आहे तिच्यावर मागच्या जांचेनंतर मी रोज बोटानं शेंदूर लावू लागले होते, तुपात कालवून. त्या दिवशी जरा जास्तच लावला. मोठ्या कामाला निघालो होतो नं. वरवर पुसून घेतला, कपड्याला लागू नये म्हणून. शेंदूर ही पावडर नव्हे, क्रीम नव्हे, सेंट तर नव्हेच. देवाची वस्तू यादीत कशी येईल?

नानजिंगहून शांघाय तीनशे किलोमीटर. आपली पॅसेंजर पांढुर्ण्याहून नागपूरला पोचायच्या आत ही गाडी शांघायला पोचते. मी या गाडीत आठव्यांदा-नवव्यांदा बसले असेन, पण माझं तोंड उघडं ते उघडंच. समोरच्या फळीवर गरम पाण्याचा गिलास ठेवला होता, काठोकाठ. बाहेर शेतं, तळी, वीस-वीस मजल्यांची घरं पळून राहिली, अन् गिलासातलं पाणी हललं नाही. मी वैशूला म्हटलं, "कोणी जमीन ओढून घेऊन राहिलं असं वाटते. आपण जागीच हावो." ती हसली नाही. नखं खात होती.

दवाखाना म्हणजे दवाखाना नाहीच, एक गाव आहे. पोळ्याच्या बाजाराएवढी गर्दी, पण धक्काबुक्की नाही. फोन दाखवला की दार उघडते, फोन दाखवला की नंबर लागते. प्यायला जागोजागी गरम पाण्याचे नळ, ते मला फार आवडते. एक पेटीएवढी गाडी औषधं घेऊन आपली आपण चालते, माणसं वाचवून वळते, आपली आपण लिफ्टमध्ये शिरते. पहिल्यांदा मी तिला पाहून हात जोडले होते. आता नुसती बाजूला होते. नर्स पोरी मला "आयी" म्हणून बोलावतात. त्यांच्याकडे ते मावशीला म्हणतात, पण दर वेळी माझं मन जरा पातळ होते.

मॅमोग्राफीची मशीन थंड असते. दोन काचांच्या मधात दाबतात, श्वास रोखायला लावतात. तोंडाला मास्क बांधलेली पोरगी घाईत होती. माझ्या टाक्यांची रेघ तिला जराशी नारिंगी दिसली असेल, पण माझा रंग काय अन् जखमेचा रंग काय, तिला कुठून कळणार.

डॉक्टरीणबाईनं आम्हाला आत बोलावलं तेव्हा पडद्यावर माझं चित्र लावलेलं होतं. काळ्या रात्रीसारखं, अन् त्यात टाक्यांच्या रेघेला धरून पांढऱ्या कण्या, तांदळाच्या चुरीसारख्या चमकून राहिलेल्या. मला तर ते सुंदरच दिसलं, खरं सांगते. मग मी वैशूकडे पाहिलं.

तिचं चिनी पक्कं आहे. तिनं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, अन् मला म्हणाली, "आई, आणखी फोटो घ्यायचे आहेत. जेवणाच्या सुटीनंतर. कदाचित सुईनं तुकडाही काढून पाहतील."

"आलं का थे परत?"

"अजून काही म्हणता येत नाही, म्हणतात."

दवाखान्याला दुपारची सुटी होते. दिवे मंद होतात, माणसं खुर्च्यांवर डुलक्या घेतात. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. जरा वेळानं वैशू हळूच म्हणाली, "मीच तुला इकडं आणलं. माझ्या बाळंतपणापायी."

"मी तिकडं असते त गाठ काय लाजून बसली असती? उलट तिकडं मी सांगतलंच नसतं कोणाले."

"बाबा झाडं तहानलेली ठेवून बसले आहेत, आई."

मी विचार करून राहिले, की आता नाही. आता घर नाही. यांना सांगावं, सोडा पाणी, वाट नका पाहू.

शेजारी एक म्हातारी चिनी बाई बसली होती, माझ्याच वयाची, डोक्याला लोकरीची टोपी. टोपीखाली केस नव्हते, ते आपल्याला बरोबर कळते. तिनं पिशवीतून एक संत्रा काढला, त्यांचा छोटा, चपटा, ढिल्या सालीचा. सोलायच्या आधी तो फिरवून पाहिला. एका बाजूला काळा ठिपका होता. तिनं अंगठ्याला थुंकी लावली अन् ठिपका घासला. ठिपका निघून गेला. ती समाधानानं हसली, संत्रा सोलला, अर्धा मला दिला, अन् साल नीट घडी करून खिशात ठेवली.

अन् माझा हात तसाच राहिला. फोडी हातातच.

कारण हे काम मी चाळीस वर्षं केलेलं आहे. पेटी भरताना बाया डागी संत्रा बाजूला टाकतात, अन् मी प्रत्येक बाईला सांगत आले आहे, पहिले पदरानं पुसा, मग पाहा. डाग सालीवरचा आहे का आतला, हे पुसल्याशिवाय कळत नाही. पडद्यावरच्या कण्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. त्या कशा सरळ रांगेनं चालल्या होत्या. वरून खाली, शेवटी जराशा उजवीकडे वळून. रोज सकाळी माझं बोट तसंच तर जाते.

मी उठून मोरीत गेले. ओला कागद घेऊन टाक्यांची रेघ घासली. कागद नारिंगी झाला. दुसरा घेतला, तोही झाला.

बाहेर येऊन तो कागद वैशूपुढे धरला. तिनं आधी कागद पाहिला, मग मला.

"हे काय आहे?"

"शेंदूर. जामसांवलीचा."

"आई! पावडर नाही लावायची म्हटलं होतं नं मी!"

"पावडर कुठं लावली मी? मारुतीचा शेंदूर हाय थो!"

"अवं माय," म्हणाली माझी पोरगी. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून पांढुर्णा निघाला. "तू बी नं, अशी कशी वं तू!" असं म्हणून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हलली, की ती हसून राहिली का रडून राहिली मला समजेना. टोपीवाल्या बाईनं उरलेला अर्धा संत्रा तिला देऊन टाकला.

सुटी संपल्यावर डॉक्टरीणबाईपुढे डबी ठेवली. मला वाटलं आता रागावते. तिनं झाकण उघडलं, हातमोजा घातला, चिमूटभर उजेडात धरून पाहिलं. वैशूला म्हणाली, यात शिसं असते, धातू आहे, मशीनीला तो पांढरा दिसतो. जखमेवर लावायचा नाही, पुन्हा कधीच नाही. मी कान पकडले. मग तिनं विचारलं, हा कोणता देव? वैशूनं काय सांगितलं कोण जाणे, पण निजलेला देव म्हटल्यावर ती बाई मास्कच्या आत हसली. तिची आई पण खेड्यातली, ऑपरेशन झालं तेव्हा कसलासा काळा लेप लपवून लावत होती, असं म्हणाली. डॉक्टरच्या आईनं!

"पण एक सांगते," ती म्हणाली, "कण्या कातडीवरच्या निघाल्या, तरी आतलं आपण पुन्हा पाहू. मगच बोलू."

साबणानं धुतलं, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा ती थंड मशीन, पुन्हा श्वास रोखला. यावेळी मी डोळे मिटले नाहीत. मनात म्हटलं, पाहा बाप्पा, काय आहे ते पाहून घ्या.

पडद्यावर नुसती काळी रात्र होती. एक कणी नाही.

"साफ," डॉक्टरीणबाई म्हणाली. तो चिनी शब्द मला तेव्हापासून पाठ आहे.

मी तिला विनंती केली, सकाळचं चित्र मला आणखी एकदा पाहू द्या. तिनं लावलं. मी खुर्ची पुढे ओढून पाहत बसले. जामसांवलीहून निघालेला एक चिमूट शेंदूर, जाऊबाईच्या पदरातून, आमच्या फलाटावरून, विमानातून, इथवर आला. माझ्या पोटच्या पोरीला दिसला नाही. या मशीनीनं कणी-कणी मोजून दाखवला. त्याले सारं दिसते, असं जाऊबाई म्हणाल्या होत्या. मला दोघांचाही धाक वाटला, मारुतीचाही अन् मशीनीचाही. त्या दोघांच्या मधात मी बसले होते, एक चौथी शिकलेली बाई, अन् मला कोणीही नाकारलं नव्हतं.

परतीच्या गाडीत यांना फोन लावला. तिकडे दुपार होती. हे बगीच्यातच होते, मोटारीच्या खोलीपाशी. मागे झाडं दिसली, गळलेली, करड्या रंगाची. मी सगळं सांगितलं, शेंदराचंही. एखादा माणूस हसला असता. हे म्हणाले, "मंग साफ हाय नं?"

"साफ हाय."

त्यांनी फोन कशावर तरी टेकवून ठेवला अन् फ्रेमबाहेर गेले. खटका दाबल्याचा आवाज आला. मोटार गुरगुरली. थोडा वेळ नुसती झाडं दिसत राहिली, अन् मग खालून, मातीतून, पाण्याची चमकती रेघ पहिल्या झाडाकडे सरकत आली.

माझ्यासारख्या तुम्ही पुष्कळ जणी बाहेर आहात, कोणी दुबईत, कोणी पुण्यात, लेकीसुनांच्या घरी. मागे राहिलेल्या तर सगळ्याच माझ्या. मला विचारतात, आता तुझं घर कोणतं? नातीचा हात माझ्या गळ्यात असते तेही घरच आहे, खोटं कशाला बोलू. माझं अंग इथल्या लोकांनी दुरुस्त करून दिलं, तेही विसरणार नाही. पण माझी बातमी येईतो जिथं पाणी थांबते, ते माझं घर. हे मला घर सोडल्यावर कळलं. तिथंच राहिले असते तर जन्मभर कळलं नसतं.

पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं तसे हे परत फोनसमोर आले, हात धोतराला पुसत.

"फुलं यायले तीन-चार आठवडे लागतीन," म्हणाले. "तिकिटाचं पाहा."

वैशू शेजारी बसल्याबसल्या मोबाइलवर तिकिटंच पाहून राहिली होती. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. मी तारीख वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"काहो," मी यांना म्हटलं, "तिगाव सोडलं."