तिजोरीतला पाळणा

ती घटना आठवली की आजही आधी पितळी घुंगरं ऐकू येतात. ठाण्यातला गोंगाट मागून येतो.

बालाघाट जिल्ह्यात, कटंगीच्या बाजूच्या एका गावात मी ठाणे प्रभारी होतो. तिथली बँक नव्या इमारतीत गेली आणि जुन्या जागेत गावकऱ्यांनी छोटंसं संग्रहालय थाटलं. काउंटरवर मातीची भांडी, मॅनेजरच्या खोलीत मँगनीजच्या खाणीतले जुने दिवे, आणि जपून ठेवायच्या वस्तू तिजोरीच्या खोलीत. हिवाळ्यात दुपारी तिथं झरोक्यातून उन्हाची एकच तिरीप उतरायची. त्या धुळकट उजेडात पितळी घुंगरांचा एक शिसवी पाळणा टांगलेला असे. वारा नसतानाही तो किंचित हलतोय असं वाटायचं, मग नीट पाहिलं की थांबलेला असायचा. मी कधीकधी उगाच तिथं जाऊन बसत असे. पोलिसाच्या डोळ्यांवर निवांत झापड येईल अशी गावात तेवढी एकच जागा होती.

एका बाजाराच्या दिवशी तो पाळणाच गेला. दार शाबूत, कुलूप शाबूत. संग्रहालयाचे व्यवस्थापक म्हणजे एक निवृत्त मास्तर. ते तक्रारीचा अर्ज घेऊन ठाण्यात आले. किल्ली एकट्या चौकीदाराकडे असे, म्हणून संशयही त्याच्यावरच. हा म्हातारा बँकेच्या काळापासून त्याच दारावर होता. चोरी अंगावर आली असती तर या वयात नोकरी जाणार होती, आणि अब्रूही.

ठाण्याचा लेखनिक असलेल्या मुन्शीने रोजनामच्यात नोंद केली. पंचनामा झाला. मी चौकीदाराला समोर बसवलं.

"बाबा, पाळणा कोणाले देल्ला?"

"ज्याचा होता त्याले, साहेब."

"नाव सांगा."

"लॉकर कोनं उघडलं, हे चौकीदार सांगत नसते."

"अहो, बँक जाऊन जमाना झाला!"

"बँक गेली, साहेब. मी तं तिथंच आहो."

दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिला, कोठडी दाखवली. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कोठडीकडे चालू लागला. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं. हा गप्प होता, त्यामुळे मी जास्तच चिडलो.

मग बाजारात विचारपूस केली. चोर पाहिला का? नाही. कोणी संशयित? नाही. तिरोडीचे भंगारवाले झाले, तुमसरकडे जाणाऱ्या बसगाड्या झाल्या. शेवटी एक बांगडीवाली आपणहून ठाण्यात आली आणि मलाच झापू लागली.

"साहेब, चोर चोर काय पुसून राह्यले? पाळणा पुसा ना! भर बाजारातून ऑटोवर गेला. मी तं हात जोडले त्याले!"

पाळणा नेणाऱ्या म्हातारीचं घर तिने सांगितलं. ठाण्यामागची दुसरी गल्ली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सगळ्या बाजाराने पाळणा पाहिला होता, पण त्या म्हातारीला चोर म्हणायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण लोकांना जे विचारतो, तेवढंच ते आठवतात.

मास्तरांना घेऊन मी तिथं गेलो; त्यांच्या वहीत पाळणा त्याच म्हातारीच्या नावाने दान म्हणून लिहिलेला निघाला. घरात बारसं होतं. बाळाला दिलेली धुरी अजून खोलीत तरंगत होती, तिच्यातून उन्हाचे पट्टे उतरले होते, आणि त्या धुरात पाळणा हळूहळू झुलत होता. घुंगरं वाजत होती. मुद्देमाल समोर होता आणि त्यात बाळ झोपलं होतं. माझा आवाज आपोआप खाली आला. कोणीतरी माझ्या हातावर घुगऱ्या ठेवल्या, त्या मुठीत धरून मी चौकशी केली.

"आजी, पाळणा तुम्ही संग्रहालयाले दान देल्ला होता ना?"

"दान? दान काहून करीन? बँकेत ठेवला होता!"

मास्तर म्हणाले, "आजी, तिथं आता बँक नाही."

"लोखंडाचा दरवाजा तोच, चौकीदार तोच. मी काही व्याज मांगून नाई राह्यली. माहं होतं, आनलं."

"मग घरीच काहून नाही ठेवला?" मी विचारलं.

म्हातारीने आत खाटेवर बसलेल्या बाळंतिणीकडे, सुनेकडे पाहिलं. "रिकामा पाळणा दिसला का पोरगी रडे. येनारे-जानारे टोचून बोलत. म्हून तिच्या डोयाआड ठेवला. लेकरू आलं का आनाचाच होता."

सून उठून दाराशी आली. पदर तोंडाला लावलेला. "आई, मले वाटलं तुमी आस सोडली, म्हून देऊन टाकला. पाळणा गेला तवापासून मी तुमच्यासंग धड बोलली नाई."

"पगली! आस सोडली असती तं मोडून चुलीत नसता घातला?"

ती सासूच्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडली. बायकाही रडल्या. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, अर्ज परत घेतो." मी ठाण्यात फोन करून चौकीदाराला घरी सोडायला सांगितलं. माझेही डोळे भरून आले होते, आणि मी ते लपवले नाहीत.

चौकशीतलं उत्तर आपल्यासाठीच असतं, असं मी सगळी नोकरी समजत आलो होतो. त्या दुपारी पाळणा घरी का नाही ठेवला हे मी विचारलं, उत्तर मास्तरांनीही ऐकलं, पण त्या उत्तरावाचून इतकी वर्षं त्या सुनेला झोप नव्हती.