पद्माकरांची संमती

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मराठी मंडळात पद्माकर देवस्थळी बोलायला उठले, की मी समोशांच्या टेबलाजवळची खुर्ची पकडते. निदान काहीतरी पदरात पडतं. पद्माकर एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. एकदा सुट्टीत नालंदेचे अवशेष तासभर पाहून आले आणि तेव्हापासून प्राचीन बौद्ध शिक्षणाचे मालक झाले. उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्यांना मुलगी ऊर्जा मात्र डॉक्टरच व्हायला हवी होती. तिला व्हायचं होतं वृद्धाश्रमातली परिचारिका. तिथल्या आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करत शिकण्यासाठी, तिची निवडही झाली होती. पण वय सतरा; आईवडिलांच्या होकाराशिवाय करार होईना, आणि सोमवारी मुदत संपत होती. आई मीनल कधीच हो म्हणाली होती. पद्माकर म्हणाले, म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला आम्ही इथवर आलो नाही. हे मीनलनेच मला सांगितलं, आणि मला त्या माणसाची किळस आली.

त्या शनिवारी व्याख्यानाचा विषय होता बौद्ध काळातल्या शिक्षणाची उद्दिष्टं. पद्माकरांनी डोळे मिटून सांगितलं, की विहारातलं शिक्षण मिरवण्यासाठी नव्हतं, करुणा अंगी बाणावी म्हणून होतं. आजाऱ्याची सेवा हीच बुद्धाची सेवा. मीनलने कपाळाला हात लावला. मग संघात नवा शिष्य कसा घेत, ते त्यांनी रंगवलं. प्रस्ताव तीनदा मांडायचा. हरकत असेल त्याने बोलायचं, मान्य असेल त्याने गप्प राहायचं. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही की झाली संमती. बोलण्याच्या भरात म्हणाले, आपणही करून पाहू, मांडा कोणीतरी प्रस्ताव.

ऊर्जा उठली. घरात मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी ही मुलगी चक्क मराठीत बोलली.

"मला आजारी म्हाताऱ्या लोकांची सेवा शिकायची आहे. बाबांना हरकत असेल तर त्यांनी बोलावं."

नाही म्हणावं तर तासभर वाटलेली करुणा सगळ्यांदेखत पाण्यात, हो म्हणावं तर डॉक्टर मुलगी गेली. पद्माकर पाणी प्यायले. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. तिने तिसऱ्यांदा विचारलं, आणि माझ्या हातातला समोसा तसाच राहिला.

पद्माकर गप्पच.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ऊर्जा म्हणाली. "झाली संमती."

मीनलने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. लोकांनी पद्माकरांना गराडा घातला, असा बाप हवा म्हणाले. घरी जाऊन हा माणूस शब्द फिरवणार, अशी माझी खात्री होती. पण तोवर ते मान तुकवून कौतुक स्वीकारत होते, आणि करुणा आधी घरातून सुरू व्हावी लागते, असं मलाच समजावत होते.

सोमवारी त्यांनी सही केली. त्या माणसाच्या हातून काही भलं झालं असेल, तर ते तेवढा वेळ तोंड मिटून बसल्यामुळे.