चार नळ्या आणि शुक्रवारचं पान

घरातली जी वस्तू मुकाट्याने चालते, तिच्याविषयी सांगण्यासारखं काही उरत नाही. आमच्या फ्रीजचा एकही किस्सा नाही, मिक्सरचा जेमतेम दीड. प्रिंटर मात्र दर बिघाडाला एक गोष्ट मागे ठेवून जातो. लोणच्याच्या बरण्या फडताळात मागे सरकत जाव्यात तशा या गोष्टी माझ्याकडे साचल्यात. हळदीकुंकवाला एखादी काढली की बायका म्हणतात, "नंदा, अजून एक!"

प्रिंटर आमच्या केतकीचा. कॉलेजसाठी घेतला आणि नोकरीला पुण्याला जाताना इथे नेवाशातच ठेवून गेली. त्याच्या कुशीला बाहेरून एक चार कप्प्यांची शाईची टाकी बसवलेली. काळी, निळी, गुलाबी, पिवळी. प्रत्येक कप्प्यातून सुतळीइतकी बारीक नळी आत जाते आणि छापेल तशी शाई आपली आपण ओढली जाते. दुपारी खिडकीतून ऊन आलं की त्या नळ्या अशा उजळतात! मी समोर बसून फुलवाती वळते. रंग हलताना दिसत नाहीत, पण महिन्याभराने बघावं तर पातळी खाली गेलेली असते. दिवसही असेच जातात, नाही का?

*

टाकी नवीन बसवली तेव्हाची गोष्ट. चार रंगांचं ते रूप बघून मला काही ती टेबलावर प्रिंटरशेजारी टेकवून ठेवावीशी वाटेना. मी देवघरातला जास्तीचा पाट आणला, त्यावर एक डबा उपडा घातला आणि वर टाकी ठेवली. छान उंच, मानाने.

सकाळी उठून बघते तर प्रिंटर गुलाबी तळ्यात बसलेला! टेबलावरून धार फरशीवर, फरशीवरून थेट आमच्या ह्यांच्या चपलेपर्यंत.

हे साखर कारखान्यातून कारकून म्हणून रिटायर झालेत, एरवी फार बोलत नाहीत. चपलेकडे बघत म्हणाले, "रंगपंचमीला अजून पाच महिने आहेत ना?"

टाकी बसवून देणारे दिलीपभाऊ नगरहून मंगळवारी इकडे येतात. त्यांनी पाट बघितला, डबा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, शाईला मान द्यायचा न्हाई. मशीनच्या बरोबरीनं बसवायची. उंच बसवली की सांडती, खाली बसवली की रुसती!"

आतून हे म्हणाले, "दिलीपभाऊ, हे माणसांनाही लागू आहे का?"

*

पुढे चातुर्मास आला. चातुर्मासात आपली एक आवडती गोष्ट सोडायची असते. कोणी वांगं सोडतं, कोणी चहा. मी विचार केला, मला सगळ्यात काय आवडतं? आणि खरं सांगते, मी प्रिंटर सोडला. चार महिने त्याला हात लावला नाही. वर स्वच्छ पांघरूण घातलं, रोज उदबत्ती तेवढी ओवाळली.

कार्तिकात पांघरूण काढलं, बटण दाबलं. कर्रकर्र आवाज आला आणि पान जसं आत गेलं तसं कोरं बाहेर आलं.

दिलीपभाऊंनी उघडून बघितलं. छापायचं जे डोकं असतं, त्याच्या बारीक छिद्रांत शाई वाळून खडा झाली होती.

"किती दिस बंद हुतं?"

मी व्रताचं सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"उपास तुमी धरा की ताई, मशीनला कशापायी धरायला लावता!"

*

हे डोकं स्वच्छ करायची एक आज्ञा कॉम्प्युटरमध्येच असते. दिलीपभाऊंनी ती मला दाखवली आणि गेले. पहिल्यांदा दिली, थोडं उमटलं. दुसऱ्यांदा दिली, अजून थोडं. मग मी ठरवलं, पूर्ण अकरा करायच्या! मनात संकल्प केला आणि अकरा वेळा दिली.

दर वेळी ते यंत्र शाई ओढून आतल्या आत एका स्पंजात ओततं, हे मला काय माहीत? अकरावी झाली तेव्हा टाकी अर्धी रिकामी होती आणि प्रिंटरच्या खालून काळा ओहोळ निघाला होता.

फोनवर दिलीपभाऊ म्हणाले, "पोथी हाय का ती, अकरा पारायणं करायला? दोनदा करायची, न्हाई झालं तर थांबायचं, उद्या बघायचं!"

थांबायचं, उद्या बघायचं. मला ते फार आवडलं. देवघरात कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

*

शाई पुन्हा वाळू नये म्हणून आठवड्याला एक तरी पान छापा, असं भाऊंनी बजावलं होतं. मी शुक्रवार धरला. काय छापायचं? चारही रंग वापरले गेले पाहिजेत, म्हणून श्रावणी शुक्रवारची आमच्याकडची कहाणी टाइप केली आणि मोठ्या अक्षरात रंगीत छापायला लागले. दर शुक्रवारी एक पान.

अशाच एका शुक्रवारी सुशीलाकाकू आल्या. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय, नगरच्या डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलेलं. पोथी वाचणं सुटलं होतं. टेबलावरचं ओलं पान त्यांनी सहज उचललं, नाकाजवळ नेलं आणि एकदम खालीच बसल्या.

"नंदा, अगं, हे मला दिसतंय!"

ते छत्तीस मापाचं अक्षर होतं.

काकूंचा एक नेम आहे. श्रावणातल्या शुक्रवारी जमलेल्या बायकांना कहाणी त्या स्वतः वाचून दाखवतात. पाठ म्हणत नाहीत. "पाठ म्हटली की माणूस घाई करतं," म्हणतात, "कागद पुढ्यात असला की तो हाताला धरून चालवतो. मला पाठ नाहीच मुळी."

त्या दिवसापासून शुक्रवारचं पान त्यांचं झालं.

*

आता आमच्या शहनाझभाभींचं सांगायलाच हवं. शेजारी राहतात. शिवणाच्या डिझाइन छापायला येतात, आणि दिलीपभाऊ नसले की आमच्या डॉक्टरही त्याच. पूर्वी दवाखान्यात कामाला होत्या. एकदा निळ्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला. मी तोंडाने स्तोत्र म्हणत नळीकडे बघत बसले होते.

भाभींनी नळी दोन बोटांत धरली, नखाने टिचक्या मारल्या आणि बुडबुडा टाकीकडे परत पाठवला.

"सलाइनमध्ये हवा गेली तर असंच करतो आम्ही. पेशंट कोण, एवढाच फरक!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही म्हणत राहा हं ताई. पेशंटला बरं वाटतं."

*

दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा असते. विळी, शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर, आणि अर्थात प्रिंटर. टाकीच्या वर प्रत्येक कप्प्याला एक नाजूक भोक असतं. चार कप्पे, चार कपाळं, आणि मधोमध जागा जणू करूनच ठेवलेली! मी हळद कालवली, कुंकू ओलं केलं आणि चारही ठिकाणी ठसठशीत बोटं लावली.

पुढच्या शुक्रवारी कहाणीच्या पानाबरोबर भाभींच्या डिझाइनही छापायला घेतल्या. पहिली दोन पानं सुरेख आली. तिसरं पुसट, चौथं पट्ट्यापट्ट्यांचं, पाचवं पांढरं.

दिलीपभाऊ म्हणाले, "पुढनं शाई जाती तशी मागनं हवा यायला पायजे. भोक बंद, शाई बंद. मशीन उचलून न्यायचं असंल तवाच ही रबरी बुचं लावायची, आन् ठेवलं की आठवणीनं काढायची."

शहनाझभाभी सुईने वाळलेलं कुंकू टोकरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नंदाताई, कुंकू कपाळाला लावतात, नाकात नाही भरत!"

*

काकूंचे डोळे उतरत होते आणि मी अक्षर चढवत होते. छत्तिसाचं अठ्ठेचाळीस झालं, मग बहात्तर. कहाणी चार पानांची होती, ती सतरा पानांची झाली. पानावर अक्षरं कमी आणि पांढरं जास्त. मला ते धुक्यातल्या प्रवरेसारखं दिसायचं. मधूनच एखादी होडी.

यंदाच्या श्रावणात काकू म्हणाल्या, "बहात्तरचीही एकमेकांत मिसळायला लागलीत गं. यंदा उद्यापन करते. पण शेवटच्या शुक्रवारी मीच वाचणार. दुसऱ्या कोणी वाचली तर पुण्य तिचं. माझं अर्धंच राहील." मग हसून म्हणाल्या, "आणि त्या यंत्राला घेऊन ये. त्याचाही मान आहे."

म्हणून त्या सकाळी मी चारही बुचं नीट दाबून बसवली, प्रिंटर जुन्या नऊवारीत गुंडाळला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि शहनाझभाभींच्या स्कूटीवर मागे मांडीत घेऊन बसले. भाभी खड्डे चुकवत म्हणत होत्या, "बाळंतिणीला नेल्यासारखं वाटतंय!"

काकूंच्या घरी टेबलावर मांडला. टाकी बरोबरीने ठेवली, ते काही विसरले नाही. अक्षर शंभराचं केलं. पहिलं पान आलं, काळंभोर, अंगठ्याएवढं अक्षर. काकूंनी ते हातात घेतलं. ओठ हलले.

"दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या.

मला इतकं भरून आलं की मी तशीच पुरणाकडे पळाले. मागे यंत्र कर्रकर्र करत राहिलं. पान निघेल तसं काकूंची सून नैवेद्याचं ताट मांडता मांडता, न बघताच ते पाटावर उपडं ठेवत होती, म्हणजे क्रम चुकायला नको.

हात पुसत बाहेर आले तोवर बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. काकूंनी सुरुवात केली होती. आमच्याकडे कहाणी चालू असताना कोणी बोलत नाही, उठत नाही. मधे मोडली तर ती मोडलीच.

दाराच्या उजेडात पान मला पाठीमागून दिसत होतं. पहिलं काळं. दुसरं काळं. तिसरं पुसट. चौथ्यावर नुसत्या पट्ट्या. पाचवं काकूंनी उचललं आणि त्यातून पलीकडची समई दिसली.

मी टाकीकडे बघितलं. चारही बुचं जागच्या जागी होती.

दारात उभ्या शहनाझभाभींनीही बघितलं. त्यांनी हात तोंडावर ठेवला. माझ्या मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या.

काकू वाचत होत्या. राजा झाला, म्हातारी झाली, सातवा मुलगा घरातून गेला. तीन ओळी झाल्या की पान उलटायचं, पुढचं घ्यायचं. पांढरं, पांढरं, पांढरं. आवाज संथ, जराही घाई नाही.

आणि एका पानावर त्या थांबल्या.

काकूंनी तो कोरा कागद नाकाजवळ नेला, समईकडे कलता केला, आणि बोट डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं.

"थांबा गं बायांनो, चुकले मी. सून म्हटलं ना मघाशी? इथं लेक लिहिलंय."

आणि ती ओळ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली.